मृताच्या सामानावर हक्क कोणाचा?



घरात मृत्यू घडला म्हणजे तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून एक प्रश्न दबक्या आवाजात विचारला जाऊ लागतो. गेलेल्या माणसाच्या सामानाचे काय करावयाचे? जमीन आणि घर ह्यांविषयी मी बोलत नाही. त्यांच्यासाठी कायदा आहे, कोर्ट आहे आणि वकीलही आहेत. मी बोलतो आहे ते घड्याळ, चष्मा, काठी, सायकल, पत्र्याची ट्रंक, अंगावरचे कपडे, चार पुस्तके आणि कागदपत्रांची थैली ह्यांविषयी. जुन्या धर्मात ह्या प्रश्नाला उत्तर होते. वरच्या जातींसाठी ते शय्यादानाचे होते. आपल्यासाठी जे होते ते निराळे होते आणि त्याकडे मी पुढे येणार आहे. नव्या धम्मात आपण जलदान विधी करतो, पुण्यानुमोदन करतो, त्रिसरण-पंचशील म्हणतो. परंतु सामानाच्या प्रश्नापाशी आलो की गप्प बसतो. मग ज्याचा हात आधी पोहोचतो तो वस्तू उचलतो आणि जो लाजतो तो रिकाम्या हाताने घरी जातो.

ह्या प्रश्नाचा विचार करताना मला एका ख्रिस्ती मिशनऱ्याच्या सामानाची हकीकत आठवते. आपण बौद्ध, आफ्रिकेच्या रानात मेलेल्या एका गोऱ्या पाद्र्याच्या पेट्यांशी आपला संबंध काय, असे आपण विचाराल. संबंध आहे, आणि तो आपल्या नाशिकमधून जातो.

नाशिकला शरणपूर रोड नावाचा रस्ता आहे. त्या रस्त्याने रोज जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल की शरणपूर ही चर्च मिशनरी सोसायटीने एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला वसविलेली ख्रिस्ती वसाहत होती. अरबांच्या गलबतांतून गुलाम म्हणून नेली जाणारी आफ्रिकन मुले ब्रिटिश आरमाराने सोडविली म्हणजे त्यांतील काही मुंबईस आणली जात, आणि पुढे शरणपूरच्या आश्रमात ठेविली जात. तेथे त्यांस सुतारकी, लोहारकी आणि लिहिणे-वाचणे शिकवीत. त्यांस नावेही नवी मिळत, आणि ती इंग्रजी असत. याओ जमातीत जन्मलेला असा एक मुलगा तेथे ‘जेकब वेनराइट’ झाला. आईबापांनी ठेवलेले नाव मागे राहिले. आपल्या आजोबा-पणजोबांची नावे धोंड्या आणि कचऱ्या अशी होती आणि आपल्या नातवंडांची सिद्धार्थ आणि सुजाता अशी आहेत, हा बदल आपण स्वतः केला. जेकबला ती मुभा नव्हती. परंतु त्याला अक्षर मिळाले, आणि ह्या हकीकतीत त्या अक्षराचे मोल मोठे आहे.

मिशनरी म्हणजे डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन. स्कॉटलंडमधील ब्लँटायर येथे १८१३ साली गरीब घरात जन्मलेला, दहाव्या वर्षापासून कापसाच्या गिरणीत राबलेला, पुढे वैद्यकी शिकून लंडन मिशनरी सोसायटीतर्फे आफ्रिकेत गेलेला हा मनुष्य. १८५७ साली त्याने सोसायटीची नोकरी सोडली, पण स्वतःला तो शेवटपर्यंत मिशनरीच समजत असे. त्याने धर्मांतरित किती केले हे पाहू गेल्यास हाती फारसे लागत नाही. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध मात्र त्याने जे लिहिले त्याने इंग्लंडचे लोकमत हलविले, आणि त्याच्या मृत्यूनंतर जेमतेम महिन्याभरात, जून १८७३ मध्ये, झांझिबारचा गुलामबाजार बंद झाला. श्रेय ज्याचे त्याला दिले पाहिजे. तो ख्रिस्ती होता म्हणून आपण ते नाकारण्याचे कारण नाही.

त्याच्या शेवटच्या प्रवासात त्याच्याबरोबर जी माणसे होती त्यांत सुसी आणि चुमा हे दोघे जुने सोबती होते. १८६४ साली लिव्हिंग्स्टन स्वतःची लहान आगबोट हाकीत मुंबईस आला तेव्हा हे दोघे तिच्यावर होते. सुसी मुंबईच्या गोदीत कामाला राहिला. चुमा डॉ. जॉन विल्सन ह्यांच्या शाळेत शिकला आणि १८६५ साली मुंबईतच त्याचा बाप्तिस्मा झाला. १८६६ साली मोहीम निघाली तेव्हा नाशिकच्या आश्रमातील नऊ तरुण तिच्यात होते. १८७२ साली स्टॅन्लीने मागाहून जी माणसे पाठविली त्यांत आणखी काही नाशिककर आले. जेकब वेनराइट त्यांपैकीच एक.

१८७३ च्या एप्रिल महिन्यात लिव्हिंग्स्टन रक्तस्रावाने इतका खंगला की त्याला चालवेना. आज झांबिया म्हणून ओळखल्या जाणाऱ्या देशात, दलदलीतून आणि गळ्याइतक्या पाण्यातून, ह्या माणसांनी त्याला लाकडी खाटल्यावर घालून वाहिले. चितांबो नावाच्या मुखियाच्या गावी त्याच्यासाठी झोपडी उभारली. रात्री सुसीने पाणी तापवून दिले, औषधांची पेटी आणून समोर धरली. रोग्याला बाटल्यांवरची अक्षरेही नीट दिसत नव्हती. १ मेच्या पहाटे तो बिछान्याशेजारी गुडघे टेकलेल्या अवस्थेत मृत आढळला.

आता पाहा. मालक मेला आहे. समुद्र हजार मैलांहून दूर आहे. कोणी गोरा माणूस जवळपास नाही. पेट्यांत बंदुका आहेत, घड्याळ आहे, किमती उपकरणे आहेत. त्या मुलखात मृताला सोबत घेऊन हिंडणे हा अपराध समजत, आणि त्यापायी गावोगावी दंड भरावा लागण्याची किंवा प्राण जाण्याची भीती. पेट्या वाटून घेऊन प्रेत पुरून प्रत्येकाने आपापल्या वाटेने जावे, ह्यापेक्षा सोपे काही नव्हते, आणि त्यांना विचारणारेही कोणी नव्हते. त्यांनी काय केले? सर्वांना एकत्र बोलाविले. सर्वांच्या देखत पेट्या उघडल्या, अशासाठी की जबाबदारी एकट्या-दुकट्याची न राहता सर्वांची व्हावी. आणि लिहिता येणाऱ्या जेकबला यादी करावयास सांगितली.

ती यादी फार लहान आहे. एका पेटीत दीडेक शिलिंगची नाणी. दुसरीत टोपी, एक घड्याळ, मोजमापाच्या उपकरणांच्या दोन लहान पेट्या, होकायंत्र. आणखी काही उपकरणे, त्यांची नावे जेकबला ठाऊक नव्हती, म्हणून त्याने ‘दुसऱ्या तऱ्हेचे मोजण्याचे उपकरण’ अशा अर्थाचे लिहून संख्या नोंदली. औषधे तोलण्याची बारीकसारीक वजने. तीदेखील गाळली नाहीत. ज्या वस्तूचे नाव ठाऊक नाही तिची निदान संख्या तरी चुकू द्यावयाची नाही, हा त्या तरुणाचा प्रामाणिकपणा मला फार मोठा वाटतो. यादीव्यतिरिक्त बंदुका होत्या, बायबल आणि प्रार्थनेचे पुस्तक होते, औषधांची पेटी होती, आणि टिपणांनी भरलेल्या खिशातल्या वह्या होत्या. बहुतेकांना त्या वाचता येत नव्हत्या. तरीही प्रत्येक वही त्यांनी जपली.

पुढचे थोडक्यात सांगतो. काळीज काढून तेथेच झाडाखाली पुरले. जेकबने अंत्यविधीची प्रार्थना वाचली आणि झाडाच्या बुंध्यावर मृताचे नाव आणि साल कोरले. देह मीठ लावून उन्हात वाळविला, सालीत आणि कापडात गुंडाळला, आणि नऊ महिने वाहून १८७४ च्या फेब्रुवारीत समुद्रकाठी बागामोयोला आणला. वाटेत गावकऱ्यांचा विरोध वाढला तेव्हा प्रेत परत पाठविल्याचे सोंग करून खऱ्या प्रेताचा गठ्ठा कापडाच्या गाठोड्यासारखा बांधला. कित्येक आजारी पडले, काही मेले.

हे सर्व इंग्रजी पुस्तकांत पुष्कळ वर्णिले गेले आहे आणि शाळेतील मुलांना स्वामिभक्तीचा धडा म्हणून शिकविले गेले आहे. त्यातील ज्या भागावर धडा थांबत नाही तो भाग मी आपल्यापुढे ठेवू इच्छितो.

अर्ध्या वाटेवर, ऑक्टोबर १८७३ मध्ये, उन्यान्येम्बे येथे त्यांना व्हर्नी लव्हेट कॅमेरॉन हा इंग्रज अधिकारी भेटला. लिव्हिंग्स्टनच्या मदतीसाठीच त्याला पाठविले होते. त्याने सल्ला दिला की प्रेत येथेच पुरावे. ह्या माणसांनी नकार दिला. मग त्याने पेट्या उघडविल्या आणि मृताची उपकरणे आपल्या पुढील मोहिमेसाठी काढून घेतली. ह्यांची नाराजी त्याने मानली नाही. पाच महिने जे सामान दलदलीतून, तापातून, शत्रूंतून सुरक्षित आणले, ते पहिला गोरा माणूस भेटताच गेले. यादी कोणी केली, पेट्या कोणी वाहिल्या, हे त्याने विचारले नाही. कारण असे सामान आपल्या माणसाचे, म्हणून आपले, हे त्याने गृहीतच धरले होते.

बागामोयोला पोहोचल्यावर झांझिबारच्या हंगामी ब्रिटिश कॉन्सलने सामान आणि देह ताब्यात घेतला, माणसांचा पगार चुकता केला आणि त्यांस निरोप दिला. देहाबरोबर इंग्लंडला गेला तो एकटा जेकब, आणि तोही मिशनरी सोसायटीने भाडे भरले म्हणून. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबेत दफन झाले, तेव्हा शवपेटीबरोबर चालणाऱ्यांत हा नाशिकचा विद्यार्थी होता. सुसी आणि चुमा इंग्लंडला नेले गेले, पण दफन होऊन गेल्यानंतर. हॉरेस वॉलर ह्या गृहस्थाने लिव्हिंग्स्टनच्या वह्यांचे पुस्तक १८७४ मध्ये काढले, त्यातील अखेरच्या प्रवासाचा मजकूर ह्या दोघांनी तोंडी सांगितलेला आहे. जेकबने त्या प्रवासाची स्वतःची टिपणवही लिहिली होती. ती १८७४ सालीच जर्मन भाषेत छापली गेली, आणि त्याच्या स्वतःच्या इंग्रजी शब्दांत सर्वांना वाचावयास मिळाली ती २०१९ साली. मधल्या एकशे पंचेचाळीस वर्षांत त्याच्याविषयी लिहिणारे पुष्कळ झाले.

लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने ह्या माणसांसाठी रुप्याची साठ पदके पाडली. त्यांवर ‘अखेरपर्यंत एकनिष्ठ’ अशा अर्थाची अक्षरे होती. पदके तयार होईपर्यंत माणसे पांगली होती. आणि ज्या झाडावर जेकबने अक्षरे कोरली, त्या झाडाचा तो तुकडा १८९९ मध्ये कापून लंडनला नेण्यात आला. घड्याळ, टोपी, वह्या, पेट्या आणि शेवटी झाडसुद्धा!

धम्मबंधूंनो, ‘एकनिष्ठ’ ह्या शब्दाने आपण हुरळून जाऊ नये. आपल्यापैकी पुष्कळांच्या घराण्यांत हे पदक पिढ्यान् पिढ्या वागविले गेले आहे. बेदरच्या बादशहाची ठेव जिवापलीकडे सांभाळणाऱ्या अमृतनाकाची दंतकथा आपण लहानपणी ऐकली आहे. त्या इमानाबद्दल महारांना बावन्न हक्कांची सनद मिळाली, असे ती सांगते. काय होते ते हक्क? गावकीची काठी, दारोदार भाकर मागण्याचा हक्क, मेलेले ढोर ओढण्याचा हक्क, आणि मढ्यावरचे कापड उचलण्याचा हक्क. इमानाची किंमत म्हणून प्रेतवस्त्र! मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाने मृतांची वस्त्रे नेसावी असा दंडकच आहे. जुन्या धर्माने मृताच्या सामानातील आपला वाटा ठरवून दिला होता तो हा.

म्हणूनच आपल्या जुन्या माणसांना मृताच्या वस्तूस हात लावणे नकोसे वाटते, आणि ते मी समजू शकतो. १९२७ साली बाबासाहेबांनी महाडला मनुस्मृती जाळली, मेलेली ढोरे ओढू नका म्हणून सांगितले, पुढे महार वतनाविरुद्ध अनेक वर्षे लढा दिला आणि शेवटी १९५८ च्या कायद्याने ती कनिष्ठ वतने रद्द झाली. जे कापड आपण अंगावरून झटकून टाकले ते पुन्हा का उचलावे?

ह्या आक्षेपाला उत्तर देण्यासाठी मी आपणांस विनयपिटकाकडे नेतो. महावग्गातील चीवरखंधकात एक प्रसंग आहे. अतिसाराने लोळणाऱ्या एका भिक्खूकडे कोणी पाहत नव्हते, कारण तो कोणाच्या उपयोगी पडत नसे. भगवंतांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले. स्वतः त्यांनी पाणी घातले, आनंदाने अंग धुतले, आणि दोघांनी उचलून त्याला बिछान्यावर निजविले. मग भिक्खूंना त्यांनी सांगितले की तुम्हाला येथे आई नाही, बाप नाही. तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर कोण करील? ज्याला माझी सेवा करावयाची आहे त्याने रोग्याची सेवा करावी.

हा प्रसंग पुष्कळांना माहीत असतो. त्याला लागूनच जे येते ते फारसे सांगितले जात नाही. एक भिक्खू मेला, तेव्हा त्याच्या पात्र-चीवराचे काय करावे, हा प्रश्न आला. भगवंतांनी निर्णय दिला की मृत भिक्खूच्या पात्र-चीवराचा स्वामी संघ आहे. परंतु ज्यांनी त्याच्या आजारात शुश्रूषा केली त्यांचे उपकार मोठे आहेत, म्हणून संघाने पात्र आणि चीवर त्यांना द्यावे. हे कसे द्यावे तेही सांगितले आहे. शुश्रूषा करणाऱ्याने संघापुढे येऊन सांगावे की अमुक भिक्खू मृत झाला, हे त्याचे चीवर, हे पात्र. मग एका समर्थ भिक्खूने संघापुढे ज्ञप्ती म्हणजे ठराव मांडावा, संघाने मौनाने संमती द्यावी, आणि वस्तू दिल्या जाव्यात. शुश्रूषा करणारा सामणेर, म्हणजे अद्याप उपसंपदा न झालेला मुलगा असला, तरी त्याला भिक्खूइतकाच वाटा. दर्जा पाहावयाचा नाही. हातांनी काय केले ते पाहावयाचे.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत सांगितले होते की संसदीय कामकाजाचे नियम ह्या देशाला परके नाहीत. भिक्खुसंघाला ठराव, मतगणना, गणसंख्या हे सर्व ठाऊक होते. ते केवळ भूतकाळाचा अभिमान मिरविण्यासाठी सांगितले नव्हते. एका पात्राची आणि एका चीवराची गोष्टदेखील सभेपुढे ठरावाने निकाली निघते, ही ज्या समाजाची रीत, तेथे कॅमेरॉनला पेटी उघडता येत नाही.

आता मढ्यावरचे कापड आणि हे चीवर ह्यांतील अंतर आपणच पाहा. ते कापड जन्मामुळे मिळत असे; मेलेल्या माणसाशी आपला संबंध असो वा नसो, आपण महार म्हणून ते आपले. ते नाकारण्याची सोय नव्हती. ते देताना कोणी सभेपुढे उभे राहून आपले उपकार सांगत नसे. दुरून टाकले जाई. चीवर मिळते ते केलेल्या कामामुळे, नाव घेऊन, सर्वांच्या संमतीने. भगवंतांच्या संघात तर स्मशानात टाकलेल्या चिंध्या शिवून पांसुकूल चीवर नेसण्यात मान होता, कारण ते जातीने अंगावर घातलेले नव्हते, इच्छेने पत्करलेले होते. तेव्हा वस्तू मृताची आहे म्हणून ती अपवित्र नसते. ती कोणी, कोणास, कशासाठी दिली ह्यावर तिची प्रतिष्ठा ठरते.

सुसी आणि चुमा ह्यांनी विनय कधी ऐकलाही नसेल. तरी सर्वांदेखत पेट्या उघडणे, यादी करणे, जबाबदारी सामुदायिक ठेवणे, इतके त्यांनी आपण होऊन केले. अर्धा विधी त्यांनी पुरा केला. दुसरा अर्धा, म्हणजे त्यांच्या वतीने उठून ‘ह्यांनी शुश्रूषा केली आहे’ असे म्हणणारा मनुष्य, त्यांना लाभला नाही. बागामोयोला नाही आणि लंडनलाही नाही. ते स्वतः कधी मागणार नव्हते. विनयातसुद्धा चांगल्या शुश्रूषकाचे लक्षण असे सांगितले आहे की तो मैत्रीने सेवा करतो, लाभाच्या आशेने नव्हे. मागणे त्याचे काम नाही, म्हणूनच मांडणे इतरांचे काम आहे.

हे आपल्या घरात आणून पाहा. आपल्या घरी वर्ष-दोन वर्षे अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्याचे कोण करते? बहुधा सून करते, नाहीतर माहेरी परत आलेली मुलगी. कायद्याने बौद्धांना १९५६ चा हिंदू वारसा कायदाच लागू आहे. बापाने मृत्युपत्र केले नसेल तर त्याच्या स्वकष्टार्जित मिळकतीत विधवा, मुलगे आणि मुली ह्यांना समान वाटा आहे, आणि २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीतही मुलीला मुलासारखा हक्क मिळाला. मुली आपला वाटा सोडून देतात, तो त्यांनी सोडू नये, हे वेगळे सांगावयास हवे काय? परंतु नवरा जिवंत असलेल्या सुनेला ह्या कायद्यात काहीच नाही. तिने काढलेले मलमूत्र, जागविलेल्या रात्री, भरविलेली पेज, ह्यांची नोंद कोठेच होत नाही. लिव्हिंग्स्टनच्या तांड्यात हलिमा नावाची एक बाई होती, ती त्याचा स्वयंपाक करी. चरित्रकारांनी तिला एक-दोन वाक्ये दिली आहेत. आपण आपल्या हलिमांना तेवढीही देत नाही.

जो हयात आहे त्याला माझी विनंती आहे की त्याने मृत्युपत्र लिहावे. त्यासाठी वकिलाची गरज नाही. साध्या कागदावर लिहून दोन साक्षीदारांसमोर सही केली आणि त्या दोघांनी सह्या केल्या की ते कायद्याने चालते. नोंदणी केली तर उत्तम, पण सक्तीची नाही. ज्याने मृत्युपत्र केले नाही त्याच्या बाबतीत वारसांनी राजीखुशीने एवढे करावे की रोजच्या वापरातील लहान वस्तू पुण्यानुमोदनाच्या सभेत पुढे ठेवाव्यात, आणि शुश्रूषा कोणी केली ते नाव घेऊन सांगून त्या तिच्या किंवा त्याच्या हाती द्याव्यात. घड्याळ दोनशे रुपयांचे असेल. किमतीचा प्रश्नच नाही.

आणि कागदपत्रे? ह्याबाबत विनयाचा दुसरा नियम आहे. मृत भिक्खूची हलकी भांडीकुंडी, बारीकसारीक वस्तू हजर असलेल्या संघाने वाटून घ्याव्या. पण जे जड सामान आहे ते चारी दिशांच्या संघाचे, आलेल्यांचे आणि अद्याप न आलेल्यांचे. ते कोणाला देऊन टाकावयाचे नाही आणि वाटूनही घ्यावयाचे नाही. अद्याप न आलेल्यांचे! हे शब्द मला नेहमी थांबवितात. जे अजून जन्मलेही नाहीत त्यांचाही हक्क त्या सामानावर लिहून ठेवला आहे.

आपल्या घरातील जड सामान म्हणजे लोखंडी कपाट नव्हे, ती कागदांची थैली आहे. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, गावच्या कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूच्या नोंदीचा उतारा, गिरणीचे किंवा रेल्वेचे नोकरीचे पुस्तक, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनची पावती, ‘जनता’चे आणि ‘प्रबुद्ध भारत’चे पिवळे पडलेले अंक, १९५६ च्या नागपूरच्या दीक्षेच्या वेळचे एखादे छायाचित्र. ह्यांपैकी काहींचे मोल भावनेचे आहे, असे आपण म्हणाल. सर्वांचे नाही. केंद्र सरकारने बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती १९९० च्या दुरुस्तीने दिल्या. महाराष्ट्रात राज्याच्या सवलती त्याआधीपासून होत्या. परंतु सवलत घेणाऱ्या मुलाला जात पडताळणीपुढे उभे राहावे लागते, आणि तेथे १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. तो पुरावा आजोबांच्या ट्रंकेत असतो. ट्रंक रद्दीवाल्याला गेली की नातवाचा वैद्यकीय महाविद्यालयातील प्रवेश तिच्याबरोबर जाऊ शकतो. वाचता येत नसूनही त्या माणसांनी प्रत्येक वही समुद्रापर्यंत आणली. आपल्याला तर वाचता येते.

म्हणून मृताची कागदपत्रे वारसांत वाटू नयेत. आपल्यापैकी ज्याचे अक्षर चांगले असेल त्या मुलाने किंवा मुलीने बसून यादी करावी. ज्या कागदाचे नाव कळत नाही त्याची जेकबप्रमाणे निदान नोंद करावी. मूळ कागद एका घरी सुरक्षित ठेवावे, कोणत्या घरी ते यादीत लिहावे, आणि प्रती सर्वांना द्याव्यात. सार्वजनिक मोलाचे अंक, पत्रके, छायाचित्रे वस्तीतील विहाराकडे द्यावीत, आणि विहाराच्या मंडळाने त्यांची पोच लेखी द्यावी. आमच्या विहारांची कपाटे हारांनी आणि सत्काराच्या शालींनी भरलेली असतात, हे मी जाणून आहे. त्यांतील एक खण रिकामा करण्यास फार मोठ्या देणगीची गरज नाही.

काही जण म्हणतील की सामानाचा एवढा विचार म्हणजे आसक्ती, आणि धम्म तर अनासक्ती शिकवितो. ज्यांना विनय केवळ ऐकीव आहे त्यांचा हा आक्षेप आहे. भगवंतांनी आसक्ती नको म्हणून वस्तू वाऱ्यावर सोडल्या नाहीत, नियम केला. नियम नसतो तेथे अनासक्ती दाखविणारा उपाशी राहतो आणि आसक्त पेटी उचलतो. बाबासाहेबांचा पोशाख, चष्मा, टंकलेखनयंत्र नागपूरजवळ चिचोलीला जतन केलेले आहे. ते पूजेसाठी आहे असे मी मानीत नाही, आणि तेथे नारळ फोडणाऱ्याला हटकावे ह्या मताचा मी आहे. पण ते आपल्या माणसांनी, आपल्या जागेत, आपल्या हाताने ठेवले आहे. चितांबोच्या झाडाचा तुकडा लंडनला आहे.

नाशिकमध्ये शरणपूरपासून काळाराम मंदिर फार लांब नाही. त्या मंदिराच्या दाराशी २ मार्च १९३० रोजी आपल्या माणसांचा सत्याग्रह सुरू झाला, आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी त्याच जिल्ह्यातील येवल्याला धर्मांतराची घोषणा झाली. तोपर्यंत जेकबला मरून चाळीसहून अधिक वर्षे लोटली होती. १८९२ मध्ये तो आफ्रिकेतच वारला. त्याच्या स्वतःच्या सामानाची यादी कोणी केल्याचे माझ्या वाचनात नाही.

गेल्या वर्षी मी एका ओळखीच्या घरी जलदान विधीला गेलो होतो. वृद्ध गृहस्थ दोन वर्षे अर्धांगाने पडून होते. सर्व विधी नीट झाला, वंदना झाली, दोन भाषणे झाली. नंतर मुलांनी सायकल, घड्याळ आणि अवजारांची पेटी आपसात वाटून घेतली; भांडण झाले नाही, उलट सर्वांनी समजूतदारपणाचे कौतुक केले. ट्रंक अंगणात उघडी होती आणि तिच्यातील कागद वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याबरोबर बांधले जात होते. ज्या सुनेने दोन वर्षे त्यांचे सर्व काही केले ती आत पंगतीचे वाढीत होती. मध्ये एकदा ती बाहेर आली, खुंटीवरचा सासऱ्यांचा चष्मा तिने पदराने पुसला आणि पुन्हा तेथेच लावून ठेवला. चीवरखंधकातील तो नियम मला तेव्हाही ठाऊक होता. मला शेवटच्या वक्त्यानंतर दोन शब्द बोलावयास सांगितले होते. मी बावीस प्रतिज्ञांवर बोललो आणि खाली बसलो.